लंडन ब्रिज: सहाशे वर्षं नदी अडवून धरणारा पूल

लंडन ब्रिज म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दोन उंच मनोरे आणि जहाज आलं की मधून उघडणारा रस्ता येतो. तो टॉवर ब्रिज. १८९४ मध्ये खुला झालेला, म्हणजे लंडनच्या हिशोबाने कालपरवाचा. खरा लंडन ब्रिज तिथून किलोमीटरभराच्या आतच, नदीच्या वरच्या अंगाला आहे. दिसायला तो इतका सपक आहे की पर्यटक त्याच्यावर उभे राहून टॉवर ब्रिजचे फोटो काढतात.

पण इतिहास आहे तो या सपक पुलाच्या जागेला. रोमन लोकांनी इसवी सन ५० च्या सुमारास इथे लाकडी पूल बांधला आणि त्या पुलाच्या टोकाशीच लंडन वसलं. जागा निवडण्यामागे साधा विचार होता. टेम्स नदीचा दक्षिण काठ बहुतेक ठिकाणी दलदलीचा, पण इथे वाळू-गोट्यांची थोडी उंच बेटं होती. उत्तरेला घट्ट, उंच जमीन. समुद्राकडून येताना दोन्ही काठांवर पाय रोवता येतील अशी ही पहिली सोयीची जागा. रोमन गेले, लाकडी पूल मोडत राहिले, जळत राहिले, पुन्हा उभे राहत राहिले.

त्यानंतर आला तो दगडी पूल. ११७६ मध्ये काम सुरू झालं, १२०९ मध्ये संपलं आणि १८३१ पर्यंत तो वापरात राहिला. त्याच्याबद्दल सांगताना लोक त्यावरची घरं, भाल्यांवर लावलेली मुंडकी आणि आगी यांवर भर देतात. तेही थोडं येईलच. मला मात्र या पुलाची दुसरीच बाजू जास्त महत्त्वाची वाटते. तो पूल होताच, पण त्याहून जास्त तो एक बंधारा होता. कुणी ठरवून बांधलेला नाही, बांधता बांधता झालेला. त्याने सहाशे वर्षं टेम्स अडवून धरली आणि लंडनमधली नदीच बदलून टाकली. पुलाच्या इतिहासातल्या बऱ्याच विचित्र गोष्टींची किल्ली इथे आहे.

पाया घालायचा कसा?

पूल बांधायला घेणारा माणूस पाद्री होता. पीटर ऑफ कोलचर्च हे त्याचं नाव. मध्ययुगीन युरोपात पूल बांधणं हे पुण्यकर्म मानलं जाई, त्यामुळे पाद्र्याने हे काम अंगावर घेण्यात कुणाला नवल वाटलं नसावं. राजा दुसरा हेन्री याची कारकीर्द चालू होती. त्याच्याच सरदारांनी ११७० मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेट याची हत्या केली होती आणि बेकेट पुढे संत ठरला. पुलाच्या मध्यावर त्याच्या नावाचं प्रार्थनामंदिर बांधलं गेलं. लंडनहून कँटरबरीला निघालेले यात्रेकरू इथे थांबून पुढे जात. पीटर १२०५ मध्ये वारला, पूल पुरा व्हायच्या चार वर्षं आधी, आणि त्याला या मंदिरातच पुरलं.

आता त्याच्यापुढची अडचण पाहू. लंडनमध्ये टेम्सला भरती-ओहोटी असते. दिवसातून दोनदा पाणी समुद्राकडून वर चढतं आणि दोनदा उतरतं. तळाशी गाळ, त्याखाली गोटे, त्याखाली चिकणमाती. आज अशा जागी खांब उभारायचा असेल तर नदीत चारही बाजूंनी पाणी न गळणारी भिंत घालतात, आतलं पाणी पंपाने उपसतात आणि कोरड्या तळात खोल पाया घेतात. बाराव्या शतकात इतकं पाणी उपसणारे पंप नव्हते.

म्हणून वेगळी युक्ती केली. ओहोटीला पाणी खाली गेलं की एल्म झाडाचे सोट तळात ठोकायचे, जवळजवळ, एकाला एक लागून. त्यांची रांग लांबट होडीच्या आकाराची करायची, टोकं प्रवाहाकडे. आतल्या जागेत दगडगोटे, खडू-दगडाचे तुकडे ओतून ती भरून काढायची. वर ओकच्या फळ्या, आणि त्यावर दगडी खांब. खांबाच्या भोवती पसरलेल्या या लाकूड-दगडाच्या चौथऱ्याला इंग्रजीत स्टार्लिंग म्हणतात. आपण चौथराच म्हणू. काम चाले ते पाणी उतरलेलं असताना, दिवसातले मोजके तास. भरती आली की हत्यारं उचलून वर यायचं.

युक्ती चालली. पण तिची किंमत नदीने दिली. पुलाला एकोणीस कमानी होत्या, शिवाय जहाजांसाठी उचलता येणारा एक लाकडी भाग. कमानी एकसारख्या नव्हत्या: काही जेमतेम साडेचार मीटर रुंद, काही दहा मीटरच्या आसपास. जिथे पाया बरा लागला तिथे खांब घेतला, असा एकूण प्रकार दिसतो. खांब जाडजूड आणि त्यांच्याभोवतीचे चौथरे त्याहून जाड. पुलाची लांबी सुमारे २८० मीटर. भरतीच्या वेळी चौथरे बुडाले की पाण्याला त्यातली निम्मी-शिम्मी वाट मोकळी मिळे. ओहोटीला चौथरे उघडे पडत आणि वाट उरे पाव भागाच्या आसपास, पुढे तर त्याहूनही कमी.

पाणी काय करतं?

समजा नदीतून सेकंदाला ठरावीक पाणी समुद्राकडे चाललंय. वाटेत पाऊण रुंदी बंद केली. पाणी तर तेवढंच जायला हवं, कारण वरून येणारं पाणी थांबलेलं नाही. मग उरलेल्या फटींतून ते जास्त वेगाने गेलं पाहिजे. हा वेग आपोआप येत नाही. त्यासाठी मागून रेटा लागतो. तो रेटा तयार होतो पाणी मागे तुंबल्याने. पुलाच्या वरच्या अंगाला पाण्याची पातळी चढत जाते, खालच्या अंगाला ओहोटीने उतरत जाते, आणि दोन्हींतला फरक इतका वाढतो की फटींतून हवं तेवढं पाणी ढकललं जाईल. तिथे सगळं स्थिरावतं.

लंडन ब्रिजवर हा फरक उतरत्या ओहोटीत दीड मीटरच्या पुढे जाई, काही वेळा १.८ मीटरपर्यंत. म्हणजे पुलाच्या एका बाजूला उभं राहिलं तर पाणी जवळ आणि दुसऱ्या बाजूला पुरुषभर खाली. दीड मीटरच्या फरकाने पाणी किती वेग घेईल याचा ढोबळ हिशोब सोपा आहे: सेकंदाला साधारण पाच मीटर, म्हणजे तासाला अठरा-वीस किलोमीटर. प्रत्येक कमानीखाली एक छोटा धबधबा.

त्यातून नावा जात. जाणं भाग होतं, कारण लंडनचे रस्ते चिखलाचे आणि अरुंद, आणि नदी हाच हमरस्ता. कसलेले नावाडी नेमका क्षण साधून होडी कमानीत सोडून देत. जीवाला जपणारे प्रवासी पुलाच्या अलीकडे उतरत, काठाने चालत पलीकडे जात आणि होडी रिकामी खाली आली की पुन्हा बसत. १४२८ मध्ये ड्यूक ऑफ नॉरफोकची नाव खांबाला धडकून उलटली; तो चौथऱ्यावर उडी मारून वाचला, त्याच्याबरोबरचे बरेच जण बुडाले. लंडन ब्रिज शहाण्यांनी वरून जाण्यासाठी आणि मूर्खांनी खालून जाण्यासाठी बांधलाय, अशी तिकडे म्हणच पडली.

जिथे धबधबा तिथे कुणालातरी चाक लावायची बुद्धी होणारच. १५८० च्या सुमारास पीटर मॉरिस नावाच्या परदेशातून आलेल्या कारागिराने शहराच्या अधिकाऱ्यांना एक करामत दाखवली: पंपाने पाण्याचा फवारा जवळच्या चर्चच्या मनोऱ्यावरून पलीकडे उडवला. खूश होऊन त्यांनी त्याला उत्तर टोकाची एक कमान पाचशे वर्षांच्या भाडेकराराने दिली, वर्षाला दहा शिलिंग भाड्याने. लवकरच दुसरी कमानही मिळाली. चाकं नदीच्या जोरावर फिरत, पंप चालवत आणि नळांतून शहराला पाणी जाई. भरती-ओहोटी दोन्हींत चाक फिरे, फक्त दिशा उलटी. चाकं वाढत गेली, आणखी कमानी व्यापत गेली. हे पाणीपुरवठा केंद्र १८२२ पर्यंत टिकलं. पाचशे वर्षांच्या कराराला तेव्हा अजून निम्म्याहून जास्त मुदत बाकी होती.

पण चाक बसवणं म्हणजे आणखी एक वाट बुजवणं. राहिलेल्या कमानींतून पाणी आणखी जोरात.

वरच्या अंगाला तुंबलेल्या पाण्याचा दुसरा परिणाम हिवाळ्यात दिसे. ओहोटीत पूल पाणी धरून ठेवी, भरतीत खारं पाणी पुरतं वर येऊ देत नसे. त्यामुळे पुलाच्या वर टेम्स संथ, उथळ आणि कमी खारट झाली. असं पाणी लवकर गोठतं. त्यात वरून वाहत येणारे बर्फाचे तुकडे अरुंद कमानींत अडकून बसत आणि त्यांच्यामागे बाकीचा बर्फ साचे. त्या काळात युरोपातले हिवाळे आजच्यापेक्षा बरेच कडक होते हे खरं, आणि मुख्य कारण तेच. पण पुलाने थंडीला मोठा हातभार लावला. १६०८ पासून गोठलेल्या नदीवर जत्रा भरल्याच्या नोंदी आहेत. १६८३-८४ च्या हिवाळ्यात तर बर्फावर दुकानांच्या रांगाच लागल्या. एका छापखानेवाल्याने तिथे यंत्र थाटलं आणि गिऱ्हाइकांची नावं छापून तो आठवण म्हणून कागद विकू लागला. राजा दुसरा चार्ल्स यानेही कुटुंबासह नावं छापून घेतली. शेवटची जत्रा १८१४ मधली.

पूल टिकला तो घरभाड्यावर

आता जरा पाण्यातून वर येऊ. अशा पुलाला सतत डागडुजी लागणार हे उघड होतं: लाकूड कुजतं, गोटे वाहून जातात. पैसा कुठून आणायचा? इथे लंडनकरांनी जी व्यवस्था बसवली ती मला पुलाच्या बांधकामापेक्षाही हुशारीची वाटते.

पुलावरच घरं बांधायची, ती भाड्याने द्यायची आणि भाडं पुलाच्या दुरुस्तीला लावायचं. पूल पुरा होण्याआधीच, राजा जॉनच्या काळात, ही कल्पना पुढे आलेली होती. १३५८ च्या नोंदीत पुलावर १३८ दुकानं आहेत. खाली दुकान, वर राहती जागा. गिऱ्हाईक शोधायला नको, कारण शहरात येणारा प्रत्येक माणूस दुकानासमोरूनच जाणार. पुढे घरं उंच होत गेली, मागून नदीवर लोंबू लागली. मधला रस्ता काही ठिकाणी चार मीटरही उरला नाही. वरच्या मजल्यांवरून घरं एकमेकांना तुळयांनी जोडलेली असल्याने खालून जाताना बोगद्यातून गेल्यासारखं वाटे. पुलावर सार्वजनिक शौचालयही होतं. नदी कुठे जाणार!

१५७७ ते १५७९ च्या दरम्यान पुलावर नन्सच हाउस नावाचं चार मजली लाकडी घर उभं राहिलं. त्याचे भाग नेदरलँड्समध्ये तयार करून जहाजाने आणले आणि इथे लाकडी खुंट्यांनी जोडले. सुटे भाग आणून जोडलेल्या इमारतींचं हे फार जुनं उदाहरण आहे.

घरभाड्याबरोबर पथकर होता, आणि दान होतं. लोक मृत्युपत्रात 'देवाला आणि पुलाला' म्हणून जमिनी, घरं, रोख पैसा लिहून ठेवत. हे सगळं उत्पन्न सांभाळायला 'ब्रिज हाउस' नावाची स्वतंत्र व्यवस्था झाली. पुलाचा पैसा पुलालाच.

हा नियम मोडला की काय होतं तेही लवकरच दिसलं. तिसऱ्या हेन्रीने १२७० च्या सुमारास पुलाचं उत्पन्न आपली राणी एलेनर हिच्या हवाली केलं. तिने भाडं घेतलं, दुरुस्तीकडे पाहिलं नाही. १२८१-८२ च्या हिवाळ्यात साचलेल्या बर्फाने पाच कमानी मोडून नेल्या. त्यानंतर उत्पन्न पुन्हा शहराच्या हाती आलं.

घरांची दुसरी बाजू म्हणजे आग. १२१२ मध्ये, पूल पुरा होऊन तीनच वर्षं झाली असताना, दक्षिणेकडे मोठी आग लागली. लोक पुलावर धावले आणि वाऱ्याने ठिणग्या उत्तर टोकालाही पोचल्या. मधले लोक दोन्हीकडून कोंडले. किती मेले याचे जुने आकडे फुगवलेले आहेत, पण मृत्यू खूप झाले. १६३३ मध्ये उत्तरेकडची घरं जळाली आणि बराच भाग मोकळा राहिला. १६६६ च्या प्रसिद्ध आगीत शहराचा मोठा भाग भस्मसात झाला तेव्हा ज्वाळा पुलावर आल्या खऱ्या, पण या मोकळ्या भागापाशी थांबल्या. आधीच्या आगीने नंतरच्या आगीची वाट अडवली.

मुंडक्यांचं प्रकरण थोडक्यात. १३०५ मध्ये स्कॉटलंडचा बंडखोर नेता विल्यम वॉलेस याचं शिर पुलाच्या दरवाजावर लावलं गेलं आणि तिथून ही प्रथा साडेतीनशे वर्षं चालली. १५३५ मध्ये राजाचा माजी मंत्री थॉमस मोर याचं शिरही इथे होतं. शहरात शिरायची दक्षिणेकडून ही एकच वाट, त्यामुळे राजाला जो इशारा द्यायचा तो सगळ्यांना दिसे.

एकच वाट म्हणजे गर्दीही आलीच. १७२२ मध्ये लॉर्ड मेयरने हुकूम काढला: शहरात येणाऱ्या गाड्यांनी पुलाच्या पश्चिम बाजूने यायचं, बाहेर जाणाऱ्यांनी पूर्व बाजूने. म्हणजे ज्याने त्याने आपल्या डाव्या हाताने. ब्रिटनमध्ये डावीकडून गाडी चालवण्याच्या लेखी नियमांत हा फार जुना.

उपायातून अपाय

पुन्हा पाण्याकडे. वेगाने जाणारं पाणी तळ खरवडतं. आणि ही खरवड वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून फार झपाट्याने वाढते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर तो हलवू शकेल अशा गोट्याची जाडी दुपटीने नव्हे, चौपटीने वाढते. वजनात मोजलं तर चौसष्ट पट. कमानींच्या खालून वीस किलोमीटरच्या वेगाने सुटणारं पाणी पुलाच्या खालच्या अंगाला खोल डोह खोदत होतं, आणि त्या डोहाच्या कडेवर चौथरे उभे होते. कडा ढासळली की चौथरा खचणार. १४३७ मध्ये दक्षिण टोकाचा दगडी दरवाजा दोन कमानींसह नदीत कोसळला.

दुरुस्ती करणारे काय करत? चौथऱ्याच्या बाहेरून नव्या सोटांची रांग ठोकत, मधल्या जागेत दगड भरत. चौथरा मजबूत झाला, पण जाडही झाला. वाट आणखी अरुंद. पाणी आणखी वेगाने. खरवड आणखी खोल. काही वर्षांनी पुन्हा सोट, पुन्हा दगड. पिढ्यान् पिढ्या असं चाललं. प्रत्येक दुरुस्ती त्या वेळेपुरती बरोबरच होती. खांब खचताना समोर दिसत असेल तर आधार देण्याशिवाय दुसरं काय करणार? पण अशा बरोबर निर्णयांची बेरीज होऊन पूल स्वतःच्याच मुळावर आला होता.

अठराव्या शतकात लंडनमध्ये इतर पूल होऊ लागले. १७२९ मध्ये पटनीला लाकडी पूल झाला, १७५० मध्ये वेस्टमिन्स्टरला दगडी. तोवर लंडन शहराजवळ टेम्सवर दुसरा पूल नव्हता, हे आज खरं वाटत नाही. नव्या पुलापुढे जुना फारच ओबडधोबड दिसू लागला. १७५६ मध्ये कायदा करून पुलावरची घरं पाडायचं ठरलं आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत ती गेली. नावांच्या सोयीसाठी आणखी एक सुधारणा झाली: १७५९ मध्ये मधला एक खांब काढून दोन कमानींची एक मोठी कमान केली.

एकूण कथेतला सगळ्यांत बोधक प्रसंग हा. पाणी मोकळं केलं तर पुलावरचा ताण कमी व्हायला हवा, असं कुणालाही वाटेल. झालं उलटं. सगळ्या फटी तशाच अरुंद ठेवून एकच दार मोठं उघडलं, तेव्हा तुंबलेलं पाणी त्या दाराकडे लोटलं. काढलेल्या खांबाच्या जागचा जुना घट्ट भराव आता उघडा पडला होता. पाण्याने तो उपसून काढायला सुरुवात केली आणि मोठ्या कमानीचे दोन्ही बाजूंचे खांब धोक्यात आले. लोक पुलावर पाय ठेवायला घाबरू लागले.

१७६१ मध्ये अभियंता जॉन स्मीटन याला तातडीने बोलावलं. शहराच्या तटाचे जुने दरवाजे नुकतेच पाडले होते आणि त्यांचे दगड विकले गेले होते. स्मीटनने सल्ला दिला: ते दगड परत विकत घ्या आणि मोठ्या कमानीखाली नदीत टाका. तसंच केलं. पूल वाचला. पण त्यासाठी जे केलं ते काय होतं? उघडलेलं दार पुन्हा थोडं बुजवणं. बंधारा काढायला गेलेल्यांना तो पुन्हा घालावा लागला.

आता तो एकदमच काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

पूल गेला, नदी सुटली

नव्या पुलाचा आराखडा जॉन रेनी या अभियंत्याचा. तो १८२१ मध्ये वारला आणि बांधकाम त्याच्याच नावाच्या मुलाने केलं. १८२४ मध्ये सुरुवात झाली, जुन्या पुलाच्या तीसेक मीटर वरच्या अंगाला, म्हणजे काम चालू असताना जुन्यावरून वाहतूक चालू राहिली. एकोणीसऐवजी पाच कमानी, सगळ्या ग्रॅनाइटच्या. मधली ४६ मीटर रुंद. १ ऑगस्ट १८३१ रोजी राजा चौथा विल्यम याच्या हस्ते तो खुला झाला आणि लगेच जुना पूल पाडायला घेतला.

बंधारा फुटला तसं झालं, फक्त सावकाश. वरच्या अंगाला ओहोटीचं पाणी पूर्वीपेक्षा खाली उतरू लागलं, भरती जास्त वर चढू लागली, प्रवाह जोरकस झाला. नदीने आपला तळ खरवडून खोल करायला सुरुवात केली. याचा फटका बसला वरच्या पुलांना. वेस्टमिन्स्टर आणि ब्लॅकफ्रायर्स हे दोन्ही पूल संथ, तुंबलेल्या टेम्सवर बांधलेले होते. त्यांचे पाये तेवढ्याच हिशोबाने घेतलेले. आता पायाखालचा तळ जाऊ लागला. त्यांच्या बांधणीत आधीपासून दोष होतेच, पण या नव्या ओढीने त्यांचा निकाल लावला. वेस्टमिन्स्टरचा नवा पूल १८६२ मध्ये झाला, ब्लॅकफ्रायर्सचा १८६९ मध्ये. एक पूल पाडला आणि आणखी दोन बदलावे लागले.

बर्फावरच्या जत्राही संपल्या. १८७० मध्ये काठाने नवा बांध झाल्यावर नदी आणखी अरुंद आणि वेगवान झाली. १९६३ च्या कडक हिवाळ्यात टेम्स वरच्या भागात गोठली. मध्य लंडनमध्ये नाही. तोवर वीजकेंद्रांचं कोमट पाणीही नदीत येत होतं, त्यामुळे सगळं श्रेय जुना पूल पाडण्याला देता येत नाही.

रेनीचा पूल सुंदर होता, पण त्याचंही खालून काही खरं नव्हतं. लंडनच्या चिकणमातीत तो हळूहळू रुतत होता, आणि दोन्ही बाजूंनी सारखा नव्हे. १९२४ मध्ये मोजलं तेव्हा पूर्व बाजू पश्चिमेपेक्षा तीन-चार इंच खाली गेलेली आढळली. १९६० च्या दशकात शहराने तो मोडीत न काढता विकायला काढला. १९६८ मध्ये रॉबर्ट मॅक्युलॉक या अमेरिकन उद्योजकाने २४,६०,००० डॉलरला तो घेतला. त्याला टॉवर ब्रिज घ्यायचा होता आणि फसगत झाली, ही कथा सगळीकडे सांगितली जाते. विकणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यानेही ती नाकारलेली आहे. दर्शनी ग्रॅनाइटच्या १०,२७६ दगडांवर क्रमांक घालून ते ॲरिझोनातल्या लेक हवासू सिटीला नेले आणि काँक्रीटच्या सांगाड्यावर बसवले. तिथे पुलाखाली पाणीच नव्हतं. आधी कोरड्या जमिनीवर पूल उभा केला, मग त्याच्याखालून कालवा खणला. नदीशी झगडण्याचा हा सोपा मार्ग कोलचर्चच्या पीटरला सुचला नसता.

आजचा पूल १७ मार्च १९७३ रोजी राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या हस्ते खुला झाला. पूर्वताणित काँक्रीटचा (आत ताणलेल्या पोलादी तारांनी बळकट केलेल्या), तीनच गाळ्यांचा, नदीत फक्त दोन खांब. पाण्याला तो जवळजवळ जाणवतही नाही. म्हणूनच तो सपक दिसतो, आणि माझ्या मते तेच त्याचं कौतुक आहे.

मध्ययुगीन पुलाचे अवशेष शोधायचे तर सेंट मॅग्नस चर्चला जावं: त्याच्या मनोऱ्याखालची कमान हीच जुन्या पुलावर जायची पायवाट होती. घरं पाडल्यावर पुलावर बांधलेले दगडी आडोसे व्हिक्टोरिया पार्क आणि गाय्ज हॉस्पिटलच्या अंगणात आहेत. सगळ्यांत धडधाकट राहिली ती मात्र पैशांची व्यवस्था. १२८२ ची राजसनद असलेल्या ब्रिज हाउसच्या मालमत्तेतूनच १९७३ च्या पुलाचा खर्च निघाला. सिटी ब्रिज फाउंडेशन असं नाव आता लावणारी ही संस्था लंडन, टॉवर, साउथवर्क, ब्लॅकफ्रायर्स आणि मिलेनियम असे पाच पूल सांभाळते. १९९५ पासून उरलेला पैसा लंडनमधल्या समाजकार्याला द्यायची तिला मुभा आहे, कारण पाच पुलांची देखभाल करूनही तो उरतो.